बैठकीतल्या दोन जाळ्या

लॉन्सेस्टन, टास्मानिया
१४ जून २०२३

प्रिय नेव्हिल,

काल सकाळी बोट लागली आणि दुपारपर्यंत घरी पोचले. दार उघडताच कोट काढून खुंटीला लावला, कारण बाहेर जूनचा हिवाळा असूनही घर एकवीस अंशांवर होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुझ्या बैठकीत तीन आठवडे मी कोट अंगात घालूनच जेवले.

त्या गॅसच्या हीटरची ज्योत न्याहाळताना तुझ्या चेहऱ्यावर जो भक्तिभाव उमटतो, तो मी चर्चमध्येसुद्धा कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. एकेचाळीस वर्षं तू बॅलरॅटच्या घराघरांत गॅसच्या नळ्या घातल्यास, म्हणून तुझ्या घरातली नळी पवित्र ठरत नाही. तुझाच मुलगा रसेल हीट पंप, म्हणजे विजेवर घर तापवणारी यंत्रं, बसवण्याचं काम करतो. त्याने ईस्टरला आईसाठी आणून ठेवलेलं खोकं तुझ्या गॅरेजमध्ये पडून आहे आणि तू त्याच्यावर रंगाचे डबे ठेवतोस. परवा त्यावरून तू रसेलवर पाना उगारलास, त्याने तो हिसकावून शेजारच्या मोनाच्या अंगणात भिरकावला, आणि लॉरेन नवऱ्याच्या नि मुलाच्या मध्ये उभी राहून दोघांवर ओरडत होती, "मारा एकमेकांना, मग मी एकटीच ऊब घेत बसते!" ती हसत होती, पण रसेलची बाही तिने सोडली नव्हती. तुझं तिकडे लक्ष नव्हतं. माझं होतं.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र मी दुरुस्त केली. सोफ्यामागच्या भिंतीत खाली-वर दोन जाळ्या आहेत. त्यांतून वारा अशी शीळ घालायचा की मला एक रात्र धड झोप लागली नाही. भिंतीला भोकं ठेवायची आणि आत आग पेटवायची, हा कुठला शहाणपणा? आमच्याकडे घर तापवायचं तर आधी फटी बुजवतात. सोमवारी सकाळी लॉरेन बाजारात आणि तू क्लबात असताना मी वर्तमानपत्रांच्या घड्या करून दोन्ही जाळ्या गच्च बुजवल्या आणि कडा सुरीच्या टोकाने आत दाबल्या. तिथून आता मुंगीचा श्वाससुद्धा आत येणार नाही. लॉरेनला बोलले नाही. ती उगीच "राहू दे गं" म्हणाली असती.

एवढं तरी सुख तिला मिळू दे.

तुझी बहीण,
ऊना


बॅलरॅट
२ जुलै २०२३

ऊना,

जबडा दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टरांनी तारांनी बांधलाय. फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्र. सूप नळीने पितो.

रसेलने तुला फोन केला हे कळलं. न्यूमोनियामुळे तुला लॉरेनच्या अंत्यविधीला येता आलं नाही, ते एका परीने बरं झालं. चर्चबाहेर रसेलला आणि मलाच जागा पुरत नव्हती. दोन खांदेकऱ्यांनी त्याला धरून ठेवलं होतं.

आता माझ्या तोंडून ऐक. शनिवारी, सतरा तारखेला, मी फुटबॉलच्या सामन्याला निघालो. लॉरेनचं डोकं दोन-तीन दिवस दुखत होतं. मी म्हणालो, "क्विन्स सोलून सोलून दुखतंय." ती म्हणाली, "तू जा. तू घरात असलास की जास्त दुखतं." तिचं हे शेवटचं बोलणं. ती त्याच क्विन्स फळांचा मुरंबा आटवत होती. ओट्यावरचा एक्झॉस्ट फॅन चालू, बैठकीतला हीटर पूर्ण सोडलेला.

पाच वाजता आलो. ती बैठकीत जमिनीवर पडली होती. गाल लालबुंद, जणू उन्हातून आली आहे. हा लाल रंग म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, हे मी एकेचाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. काखेत हात घालून तिला ओढत बाहेर हिरवळीवर आणली. तिची चप्पल चौकटीत अडकली, ती लाथेने उडवली. छातीवर इतक्या जोराने दाबलं की बरगडी मोडल्याचा आवाज आला. काही उपयोग झाला नाही.

अँब्युलन्स तिला घेऊन गेली. मग मी गॅसच्या मीटरजवळचा कॉक बंद केला, शेडमधून घण आणला आणि हीटर फोडला. काच, पत्रा, विटा, धुराडं, छतापर्यंत सगळं. मोना कुंपणावरून किंचाळत होती, "नेव्ह, पुरे! नेव्ह!" मी थांबलो नाही.

रसेल आला तेव्हा घण माझ्या हातातच होता. तो म्हणाला, "आई कुठाय?"

"गेली."

"आणि तू हे काय करतोयस?"

मी उरलेल्या पत्र्यावर आणखी एक घाव घातला. मग त्याच्या ठोशांनी जबडा गेला. पोलिसांना मी सांगितलं, पायरीवरून पडलो.

तुझं पत्र बुधवारी आलं. वाचलं नाही. परसात जाळलं. तुझा उपदेश ऐकायची ताकद नव्हती.

धुराड्याचा सांधा सैल झाला होता. पाच वर्षांत तपासला नव्हता. चूक माझी. विषय संपला.

नेव्ह


लॉन्सेस्टन
११ जुलै २०२३

नेव्हिल,

विषय संपला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तुझा नाही.

मी तुला खुनी म्हणणार नाही. शब्द अचूक वापरावेत असा माझा आयुष्यभराचा आग्रह आहे, आणि खुनाला हेतू लागतो. तुझ्यापाशी हेतू नव्हता, केवळ अहंकार होता. पण त्या अहंकाराने तिचा गळा तितक्याच निश्चितपणे आवळला जितका एखाद्याने दोन्ही हातांनी आवळला असता. पाच वर्षं! दुसऱ्यांच्या घरात जाऊन तू काडी पेटवून धुराडी तपासत होतास आणि स्वतःच्या बायकोला त्या यंत्रापुढे बसवून फुटबॉल पाहायला गेलास. तिने डोकं दुखतं म्हणून सांगितलं, तर तू क्विन्सला दोष दिलास. गॅसफिटर ना तू? दुखणाऱ्या डोक्याचा अर्थ तुला कळू नये?

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी चार वेळा वाचलं. "मीटरजवळचा कॉक बंद केला, शेडमधून घण आणला." दुःखाने वेडा झालेला माणूस आधी कॉक बंद करत नाही. तुझं डोकं शाबूत होतं. तू ते यंत्र रागाने फोडलं नाहीस. गॅसचा निरीक्षक येण्याआधी तुझा निष्काळजीपणा दिसेनासा व्हावा म्हणून फोडलंस. आणि आता सांधा सैल होता असं तू सांगतोस, पण तो सांधा आज कुणाला तपासता येणार नाही.

हे मी एकटीच म्हणत नाही. रसेल फोनवर मला म्हणाला, "आत्या, त्याने पुरावा फोडला. तिला मारलं आणि मग पुरावा फोडला. मला तो तुरुंगात हवाय." सप्टेंबरमध्ये कॉरोनरची, म्हणजे आकस्मिक मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी आहे. तुझ्या घरात नुकतीच राहून गेलेली पाहुणी म्हणून माझी लेखी जबानी मागितली आहे. मी ती देणार आहे, आणि तुझ्या मुलाच्या बाजूने देणार आहे. त्याची आई गेली; बापही गेला, हे त्याने स्वतःच ठरवलं आहे. त्याला निदान सत्य तरी मिळालं पाहिजे.

वयाच्या अकराव्या वर्षी तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, तेव्हा मी तुला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून वाचायला शिकवलं. आज त्याचा मला पश्चात्ताप होतो आहे.

ऊना


बॅलरॅट
२३ जुलै २०२३

मुख्याध्यापिकाबाई,

शिकवलंस, आणि प्रत्येक चुकीला कानाखाली एक वाजवलीस. त्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं. म्हणून तुझी बडबड इतकी वर्षं झेपली.

शनिवारी रसेल आला होता. हाक न मारता त्याने ट्रक मागे घेतला तो थेट फाटकावर. फाटक आडवं झालं. गॅरेजमध्ये शिरून खोक्यावरचे रंगाचे डबे त्याने एकेक करून भिंतीवर फेकले. हिरवा फुटला, पांढरा फुटला. मी दारात उभा राहिलो.

"बाजूला हो."

मी तारांमधून म्हणालो, "नेऊ नकोस. आईसाठी आणलं होतंस."

"म्हणूनच नेतोय. बाजूला हो, म्हाताऱ्या, नाहीतर दुसरी बाजू मोडेन."

"मोड. सूपच पितोय."

त्याने माझी कॉलर धरून मला मागे रंगात आपटलं. त्याचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं. दारूचा वास नव्हता. असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "एकच सांग. का फोडलास? एवढंच सांग, मग मी तुला परत कधी तोंड दाखवणार नाही."

मी भिंतीवरून ओघळणारा रंग पाहत राहिलो. त्याने माझं डोकं आणखी दोनदा आपटलं आणि मग तो रडायलाच लागला, उभ्या उभ्या, माझी कॉलर हातात धरून. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या. खोकं तिथेच टाकून गेला. फाटक मी दोरीने बांधलंय.

जबानी लिही. मी हट्टी होतो, मुलाचं ऐकलं नाही, पाना उगारला, सगळं लिही. तुरुंगात गेलो तर गेलो. तिथेही कुणाला तरी नळ दुरुस्त करून हवाच असेल. फक्त नीट लिही. धुराड्याचा सांधा सैल होता. बाकी काही घुसडू नकोस. आणि बैठकीतल्या जाळ्यांबद्दल कुणी विचारलं, तर त्या उघड्या होत्या. चांगल्या उघड्या. मेमध्ये मीच ब्रशने झाडल्या होत्या.

नेव्ह


लॉन्सेस्टन
६ ऑगस्ट २०२३

नेव्हिल,

अक्षर वाईट आहे. डाव्या हाताने लिहिते आहे आणि दुरुस्त करणार नाही.

जबानीसोबत अकरा प्रश्नांचा कागद आला होता. दहांची उत्तरं मी एका बैठकीत लिहिली. तुझा हट्ट, पाना, खोकं, सगळं नेमकेपणाने. मला अभिमान वाटला त्या लिखाणाचा. अकरावा प्रश्न असा होता: "अशा हीटरला जळण्यासाठी खोलीतली हवा लागते, ती आत यावी म्हणून भिंतीत कायम उघडी ठेवलेली छिद्रं त्या काळात बंद केलेली तुमच्या पाहण्यात आली का?"

मी पेन टेकवलं. शाई पसरत गेली.

मग मला तुझ्या पत्रातल्या जाळ्या आठवल्या. मी त्यांचा उल्लेख फक्त एकदा केला होता, चौदा जूनच्या पत्रात, आणि ते पत्र तू न वाचता जाळलंस असं लिहिलंस. मग न विचारता जाळ्यांची साक्ष तू का काढलीस? मी पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवते, हे तुला ठाऊक आहे. त्यावरून तू मला आयुष्यभर चिडवलंस. नक्कल काढली. "तिथून आता मुंगीचा श्वाससुद्धा आत येणार नाही." माझंच वाक्य. त्याच्या डौलावर मी त्या दिवशी खूश झाले होते.

हिवाळ्याच्या तोंडी मी लॉरेनच्या खोलीची हवा बंद केली. ओट्यावरच्या पंख्याने हवा बाहेर खेचली, आणि तिच्या जागी आत यायला धुराड्यातला विषारी वायूच तेवढा उरला. ग्रंथालयात बसून मी दोन दिवस याविषयी मिळेल ते वाचलं. आमच्याकडे फटी बुजवतात, कारण आमच्याकडे आत काही जळत नाही. एवढी साधी गोष्ट मला कळली नाही, आणि कळत नाही हेही कळलं नाही. मी विचारायला हवं होतं. मी कधी कुणाला विचारलं नाही.

मी निघताना लॉरेनने दिलेली मुरंब्याची बाटली मी फडताळातून काढली आणि भिंतीवर फेकली. ती फुटली नाही, म्हणून पुन्हा उचलली आणि ओट्याच्या कडेवर आपटली. उजव्या तळव्यात काच शिरली. सात टाके पडले.

आता नीट वाच. अकराव्या प्रश्नाचं उत्तर मी लिहिलं आहे: होय, मी बंद केली. चौदा जूनच्या पत्राची नक्कल सोबत जोडून काल कॉरोनरला पाठवली. दुसरी प्रत रसेलला पाठवली. तुला हे नंतर लिहिते आहे, कारण आधी कळवलं असतं तर तू मला अडवलं असतंस.

तू माझ्यासाठी मुलगा गमावलास आणि मी तुला अहंकारी म्हणून निकाल दिला. का केलंस हे?

ऊना


बॅलरॅट
२० ऑगस्ट २०२३

ऊना,

तारा काढल्या. बोलता येतं, पण हे तोंडाने सांगवणार नाही.

त्या संध्याकाळी अँब्युलन्स गेल्यावर मी खिडकी-दार बंद केलं, हीटर पेटवला, पंखा लावला आणि धुराड्याशी काडी धरली. एप्रिलमध्येही धरली होती. तेव्हा धूर वर गेला होता; सांधा कधी सैल नव्हताच. त्या संध्याकाळी धूर माझ्या तोंडावर आला. मला कळलं काय शोधायचं ते. सोफा ओढला. जाळ्यांमध्ये वर्तमानपत्रांतली शब्दकोडी होती. शाईने सोडवलेली, एक खाडाखोड नाही. अशी कोडी सोडवणारं माणूस मला एकच माहीत आहे.

कॉक बंद करणं हातांची सवय आहे, बाई. हात डोक्याला विचारत नाहीत. पण मी पुरावा फोडला हे तुझं म्हणणं बरोबर. फक्त कशाचा, ते तुला कळलं नाही. निरीक्षक आला असता, त्याने चालू हीटरवर काडी धरली असती, जाळ्या उघड्या असताना धूर वर गेला असता, आणि मग त्याने विचारलं असतं की त्या दिवशी जाळ्या कुणी बंद केल्या होत्या.

पण हे नंतरचं. मला देवमाणूस समजू नकोस. पहिला घाव मी तुझ्यावर घातला. तुझं नाव घेऊन, शिव्या देऊन. तू समोर असतीस तर घण कुठे पडला असता, मला सांगता येत नाही. दुसरा माझ्यावर. पाच दिवस मी त्या खोलीत बसत होतो. लॉरेन म्हणाली, "घर किती शांत झालंय ना हल्ली?" मी म्हणालो, "हो ना." शीळ थांबली होती, ऊना. एकेचाळीस वर्षांच्या गॅसफिटरला शीळ थांबलेली ऐकू आली नाही. मला वाटलं, वारा पडला. तिसऱ्या घावानंतर ठरवलं की हे माझ्यापाशीच राहील. घर माझं, हीटर माझा, बायको माझी. तू एकोणऐंशी वर्षांची, एकटी, आणि चूक झाली तर झोप न लागणारी. तू चार महिन्यांत मेली असतीस.

पत्र वाचलं होतं. जाळलं नाही. कोड्यांबरोबर कोटाच्या आतल्या खिशात होतं. रसेलने मला रंगात आपटलं, तेव्हा त्याचा हात बरोबर त्या खिशावर होता आणि आतले कागद कुरकुरले होते.

तुझी प्रत मिळाली त्या दिवशी तो आला. दोरीने बांधलेलं फाटक सोडवून आत आला, ट्रक बाहेरच ठेवून. मला वाटलं, पुन्हा मारणार. मी घराला पाठ लावून उभा राहिलो. त्याच खिशाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "काढ."

मी खिशातून सगळं काढून दिलं. त्याने कोडी उलगडली, एकेक पाहिलं, पुन्हा घड्या घातल्या. मग म्हणाला, "मी तुझा जबडा मोडला."

"दोन ठिकाणी."

"आणि तू म्हणालास, पायरीवरून पडलो."

"पायरी उंच आहे."

त्याला हसू आलं नाही. मला आलं, आणि जबडा असा दुखला की डोळ्यांत पाणी आलं. तो गॅरेजमध्ये गेला आणि आतून ओरडला, "हे दुसरं टोक कोण उचलणार? तुझा बाप?"

हीट पंप बसवायला चार दिवस लागले. भिंतीला भोक मी पाडलं, घण होताच. बाहेरचं युनिट त्याने परसात, तिच्या गुलाबांच्या वाफ्याशेजारी बसवलं. चालू केलं तेव्हा आवाज इतका कमी होता की मी हात लावून पाहिला. लॉरेनला आवडलं असतं. मला आवडत नाही, पण ते आता कुणी विचारत नाही. गॅसचा मीटर काढून नेला. चौकशीत हीटर फोडल्याचं उत्तर मला द्यावंच लागेल. देईन. रसेल म्हणतो, शेजारी बसेन.

तुझ्याबद्दल तो बोलत नाही. तुझं नाव निघालं की उठून बाहेर जातो. तो तुला मारणार नाही; हे त्याने सांगितलेलं नाही, मीच सांगतोय.

पण काल काम संपल्यावर तो सोफ्यामागे उकिडवा बसला आणि जाळ्यांवर हात धरून राहिला. आत काही जळत नाही, तेव्हा आता त्या बुजवायलाच हव्यात, नाहीतर सगळी ऊब तिथून जाते. तू बरोबर होतीस, फक्त दोन महिने आधी. मी सिमेंट कालवायला घेतलं. त्याने माझ्या हातातून थापी काढून घेतली आणि खिडकीत ठेवली.

"ते काम आत्याचं आहे," म्हणाला.

विटा आणून ठेवल्या आहेत. तू येईपर्यंत शीळ वाजत राहील, आणि आम्ही दोघं कोट घालून जेवतोय. ये.

नेव्ह